दोष शोधावा कसा?

मराठी शिकविणाऱ्या माणसाने संगणकाच्या अंतरंगाविषयी लेखणी उचलावी, हे पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. मी कला शाखेचा पदवीधर. माझी मायबोली कोकणी. वर्गात व्याकरण, वृत्ते आणि निबंध यांपलीकडे माझा अधिकार चालत नाही. तरीही या वार्षिकांकासाठी लेख मागण्यात आला तेव्हा दुसरा कोणताही विषय मनात येईना. यंदाच्या पावसाळ्यात आपल्या संगणक-कक्षातील एका लॅपटॉपच्या पडद्याने मला जो धडा शिकविला, तो माझ्या एवढ्या वर्षांच्या अध्यापनात कोणत्याही पुस्तकाने शिकविला नव्हता. त्या धड्यात माझी एक चूकही आहे. ती ज्या शाळेत घडली त्या शाळेच्या अंकातच तिची कबुली द्यावी, हे मला योग्य वाटते.

आपल्या शाळेत सहा जुने लॅपटॉप आहेत, हे विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. एका हितचिंतकाने ते दिले तेव्हा ते इतके मंद झाले होते की, भंगारवाल्याच्या काट्यावरच त्यांचे मोल व्हावयाचे. परंतु परगावी नोकरी करणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याने ते हाती घेतले, त्यांवर लिनक्स चढविले आणि त्यांच्यासाठी मुद्दाम स्वतः घडविलेला कर्नेल बसविला. कर्नेल या शब्दाचा अर्थ गर किंवा गाभा. नारळाच्या करवंटीआड जसे खोबरे, तसा संगणकाच्या सर्व दृश्य कामांच्या आड हा गाभा असतो. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस तोरवाल्डस या विद्यार्थ्याने तो लिहावयास आरंभ केला. त्याची संहिता कोणासही वाचता येते, बदलता येते आणि आपल्या यंत्रास साजेशी करून घेता येते. आपल्या माजी विद्यार्थ्याने नेमके तेच केले होते.

या गाभ्याचा एक भाग म्हणजे पडद्याचा ड्रायव्हर, म्हणजे चालक. पडद्यावर अक्षर उमटते ते आपोआप नव्हे. आपल्या लॅपटॉपच्या पडद्यावर आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके आहेत. म्हणजे एकूण १०,४९,०८८. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी चार बाइट धरले आणि चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवावयाचे म्हटले, तर दर सेकंदास सुमारे २५ कोटी बाइटांची वाहतूक होते. ही वाहतूक कोणत्या वेगाने करावयाची, पडद्याला वीज केव्हा द्यावयाची, त्यामागचा प्रकाश केव्हा पेटवावयाचा, हे सर्व चालकाने ठरवावयाचे. पूर्वी या मांडणीचा बराच भाग गाभ्याबाहेरील कार्यक्रम करीत असत. २००९ साली निघालेल्या आवृत्तीपासून, प्रथम इंटेलच्या चित्रयंत्रणेसाठी, हे काम लिनक्सच्या गाभ्यातच होऊ लागले. यात सोय मोठी आहे, पण एक पेचही आहे. अन्य कोठे दोष निघाला तर यंत्र पडद्यावर तसे सांगू शकते. चालकातच दोष निघाला तर सांगावयाचे साधनच हरपते. ज्याच्या मुखाने तक्रार करावयाची ते मुखच मिटलेले!

आपल्या सहाव्या लॅपटॉपचे असेच झाले. जुलैतील एका दुपारी, बाहेर पाऊस कोसळत असता, इयत्ता नववीचा एक विद्यार्थी त्यावर काम करीत होता. मध्येच त्याने झाकण मिटले, पुन्हा उघडले, आणि पडदा काळाठिक्कर! त्या तासाला कक्षाची देखरेख माझ्याकडे होती. मी काय केले? यंत्राकडे पाहिले, मुलाकडे पाहिले आणि निवाडा देऊन टाकला. याच मुलाला यंत्रात नसते उद्योग करण्याची हौस आहे, असे मी ऐकून होतो. तेवढा पुरावा मला पुरला. तो म्हणाला, "सर, मी काय केलो नाही. नुसतं झाकण उघडलो." मी म्हणालो, "'केलो नाही' नव्हे, 'केलं नाही' म्हण." आणि पंधरा दिवस त्यास कक्षात येण्याची बंदी केली. मी त्याचे व्याकरण सुधारले, पण त्याचे म्हणणे ऐकले नाही.

चतुर्थीच्या सुटीत माजी विद्यार्थी गावी आला, तेव्हा मी ते यंत्र त्याच्यापुढे ठेवून मुलाची कथा सांगितली. माझी अपेक्षा होती की, तोही मान हलवून 'हल्लीची मुले' म्हणून सुस्कारा टाकील. त्याने मात्र तीन प्रश्न विचारले. नेमके काय दिसले? कशानंतर दिसले? आणि तसे पुन्हा घडवून दाखविता येईल काय? या तिन्हींपैकी एकाचेही उत्तर मजपाशी नव्हते. "मग ज्यानं पाहिलं त्यालाच बोलवा की, सर," तो सहज म्हणाला. ज्यास मी आरोपी ठरविले होते, तो त्याच्या लेखी एकमेव साक्षीदार होता!

मुलगा आला. प्रथम बोलेना, मग हळूच म्हणाला, "झाकण मिटून लगेच उघडलं तरच असं होतं. जरा थांबून उघडलं तर होत नाही. आणि दर वेळी होत नाही, तीनदा केलं तर एकदा होतं." ही गोष्ट त्यास पहिल्याच आठवड्यात कळली होती. त्याने ती कोणास सांगितली नाही, कारण कोणी विचारलेच नव्हते.

यानंतर दोन दिवस जे चालले ते मी बाकावर बसून पाहिले. पडदा पुन्हा काळा पडताच माजी विद्यार्थ्याने प्रथम हाती घेतली ती साधी विजेरी. पडद्यामागचा प्रकाशच तेवढा विझला असेल, तर विजेरीच्या झोतात चित्र अंधुक तरी दिसते. येथे काहीच दिसेना. म्हणजे दोष केवळ प्रकाशाचा नव्हे. मग त्याने दुसऱ्या यंत्रावरून तारेने याच्याशी संपर्क साधला. आतून उत्तर आले. म्हणजे यंत्र जागे होते, गाभा चालू होता. बाहेरचा मॉनिटर जोडला. त्यावर चित्र स्वच्छ उमटले. म्हणजे चित्र तयार होत होते, ते आपल्या पडद्यापर्यंत पोहोचत मात्र नव्हते. त्याने मूळचा, कोणताही फेरफार न केलेला कर्नेल घालून पाहिला. पडदा एकदाही रुसला नाही. स्वतः घडविलेला पुन्हा घातला; दोष परतला. प्रत्येक परीक्षेबरोबर संशयाचे क्षेत्र आक्रसत होते, आणि एकाही परीक्षेत 'मला वाटते' या शब्दांना स्थान नव्हते.

आता उरले होते त्याने मूळ संहितेत स्वतः केलेले ६४ बदल. ते एकेक तपासावयाचे तर ६४ परीक्षा. परंतु हे सर्व बदल क्रमाने नोंदलेले होते. ही नोंद ठेवणारे गिट नावाचे साधनही तोरवाल्डस यांनीच २००५ साली निर्माण केले. क्रमाची नोंद असली की एक सोपी युक्ती करता येते. ६४ पैकी पहिले ३२ बदल घेऊन कर्नेल घडवावा. दोष दिसला तर तो या ३२ मध्ये. न दिसला तर उरलेल्या ३२ मध्ये. मग ३२ चे १६, १६ चे ८, ८ चे ४, ४ चे २ आणि २ चा १. सहा पायऱ्यांत गुन्हेगार हाती लागतो. मूळ लिनक्सच्या प्रत्येक नव्या आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. तेथेही याच रीतीने सुमारे चौदा पायऱ्या पुरतात. दुपटीचे गणित सर्वांस येते. त्याचा असा उपयोग होतो हे मला तरी कोणी सांगितले नव्हते.

तथापि एक अडचण होती. दोष तीन वेळांत एकदाच दिसे. झाकण एकदा उघडले आणि पडदा पेटला, एवढ्यावरून ती आवृत्ती निर्दोष कशी म्हणावयाची? म्हणून ठरले की, प्रत्येक आवृत्तीत झाकण वीस वेळा झटकन मिटावयाचे व उघडावयाचे. तीनांत एकदा दिसणारा दोष वीसही वेळा लपून राहण्याचा संभव सुमारे तीन हजारांत एक. सदोष ठरण्यास एक वेळ पुरते. निर्दोष म्हणावयास वीस वेळा लागतात, आणि तरीही शंकेला किंचित जागा उरतेच. परीक्षेने दोष आहे हे सिद्ध करता येते, नाही हे सिद्ध करता येत नाही, असे एड्स्खर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने सांगून ठेविले आहे. हे ऐकताना मी मनात खजील होत होतो. मी तर एका दृष्टिक्षेपात निवाडा दिला होता!

झाकण मिटण्या-उघडण्याचे काम मुलाने केले. त्याने एका वहीत रकाने आखले: आवृत्ती, कितवी वेळ, पडदा पेटला की नाही. सहाव्या पायरीच्या शेवटी उरला तो एकच बदल, आणि तो होता अवघ्या एका ओळीचा. लॅपटॉपच्या पडद्याची वीज एकदा तोडली की, पुन्हा देण्यापूर्वी किमान अर्धा सेकंद जाऊ द्यावा, असा या पडद्यांच्या जोडणीचा नियम आहे. मूळ संहितेत त्या नियमाचे पालन होते. आपले यंत्र चटकन जागे व्हावे या हौसेने माजी विद्यार्थ्याने ती मर्यादा घटविली होती. त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर ते खपून गेले, आपल्या पाच लॅपटॉपांवरही खपून गेले. मग सहाव्यावरच का नाही? प्रत्येक पडद्यापाशी १२८ बाइटांचे एक ओळखपत्र असते. त्या सर्व बाइटांची बेरीज २५६ ने निःशेष भागली जावी, असा त्याच्या खरेपणाचा संकेत आहे. सहाव्याचे ओळखपत्र वाचताच उलगडा झाला. त्याचा पडदा निराळ्या घडणीचा होता. पूर्वी केव्हा तरी फुटल्यामुळे कोणी तो बदलला असावा. पुरती उसंत मिळाल्यावाचून तो जागा होत नव्हता, एवढेच!

तो बदल तेवढा काढला. वीस वेळा झाकण उघडले, वीसही वेळा पडदा पेटला. पुन्हा घातला, तिसऱ्याच वेळी अंधार. तेव्हा कोठे माजी विद्यार्थी हसून म्हणाला, "चूक माझीच." त्याच्या स्वरात लाज नव्हती, की सबबही नव्हती, गणित सुटल्याचा आनंद होता. मला मात्र ती म्हण आठवली: चोर सोडून संन्याशाला सुळी! आणि सुळी देणारा मी होतो.

विद्यार्थिमित्रहो आणि सहकारी शिक्षकांनो, माझे मत मांडावयाचे आहे ते येथूनच. आपण शाळेत दोषाचा शोध घेत नाही. दोषी माणूस धुंडाळतो. फळा पुसला गेला, नकाशा फाटला, नळ तुटला, की पहिला प्रश्न 'कोणी केले?' हाच. आणि त्याचे उत्तरही ठरलेले: ज्याचा हात शेवटी लागला तो! गिटमध्ये एक आज्ञा आहे. संहितेची प्रत्येक ओळ शेवटी कोणी बदलली त्याचे नाव ती दाखविते. जाणते लोक ते नाव पाहून निवाडा देत नाहीत. ओळीला शेवटचा हात लावणाऱ्याने कदाचित केवळ मोकळी जागा नीट केली असेल. ते नाव म्हणजे कोणास विचारावे याची दिशा होय. झाकण उघडणे हा काही अपराध नव्हे. झाकण उघडण्यासाठीच असते. आपण कितीदा अशी झाकणे उघडल्याबद्दल मुलांस शिक्षा केली असेल, याचा विचार मनात आला की अस्वस्थ वाटते.

याचा दुसरा परिणाम अधिक वाईट होतो. दोष कळविणाऱ्यावरच आळ येतो असे दिसले की मुले दोष कळविणे सोडून देतात. यंत्र बिघडले तर गुपचूप झाकण मिटावे आणि शेजारच्या यंत्रावर जाऊन बसावे, हे शहाणपण आपणच त्यांना शिकवितो. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांत याच्या उलट प्रघात आहे. एखादी दुरुस्ती स्वीकारली गेली की तिच्या टिपणात दुरुस्ती करणाऱ्याच्या नावाबरोबर दोष कळविणाऱ्याचे आणि दुरुस्ती तपासून पाहणाऱ्याचेही नाव लिहितात. तेथे दोष दाखविणारा हा उपकारकर्ता मानला जातो. १९४७ च्या सप्टेंबरात हार्वर्ड विद्यापीठातील मार्क-२ या गणकयंत्रात एक पतंग अडकलेला सापडला, तेव्हा तेथील मंडळींनी तो फेकून दिला नाही. नोंदवहीत चिकटवून ठेविला. यंत्रातील दोषास इंग्रजीत किडा म्हणण्याची रीत त्याहून जुनी आहे. पण दोष जपून ठेवावा, लपवू नये, ही वृत्ती त्या चिकटविलेल्या पतंगात दिसते.

कोणी म्हणतील, हे सारे परदेशी लोकांचे आणि यंत्रांचे; आपल्या मराठी शाळेशी त्याचा काय संबंध? मला तो संबंध फार जुना वाटतो. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये सिद्ध झाली. हस्तलिखितांवरून हस्तलिखिते होत गेली, आणि जवळजवळ तीनशे वर्षांत तिच्यात पाठभेद शिरले. शके १५०६ मध्ये एकनाथ महाराजांनी ती शुद्ध केली, आणि पुढे कोणी तिच्यात आपल्या पदरच्या ओव्या घालू नयेत असेही बजावले. पाठ कोठे बिघडला, हे पाहणे आणि मूळ वाचन पुन्हा स्थापन करणे, हाच तो उद्योग नव्हे काय? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ अशी सत्तेचाळीस वर्षे महाभारताच्या असंख्य पोथ्या ताडून चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तीही याच निष्ठेने. संहिता हा शब्द आपला आहे. संहिता शोधनाची विद्याही आपली आहे. तिचा विषय तेवढा नवा आहे.

दुसरा आक्षेप शिक्षकांकडून येईल, आणि तो मला गंभीर वाटतो. एका पडद्यासाठी दोन दिवस आणि झाकणाची इतकी उघडझाप! चाळीस मुलांचा वर्ग, अपुरे तास, डोक्यावर परीक्षा. एवढा वेळ आणावयाचा कोठून? वेळ नाही हे खरेच आहे. पण ज्या मुलास मी पंधरा दिवस बाहेर ठेविले, त्याचे पंधरा दिवस आपण कोणत्या खात्यात मांडणार? त्या सुमारास यंत्र तर बिघडलेलेच राहिले. घाईच्या निवाड्याने वेळ वाचत नाही. तो दुसऱ्या कोणाचा तरी खर्च होतो, आणि बहुधा दुबळ्याचा.

तिसरा आक्षेप असा की, आमच्या मुलांना संगणक वापरता आला म्हणजे झाले. त्याचा गाभा उघडण्याचे काम अभियंत्यांचे. मला हे पटत नाही. आपल्या सीमाभागातील मूल घरी एक बोली बोलते, शाळेत मराठी शिकते, कचेरीच्या फलकावर कन्नड वाचते आणि यंत्रावर इंग्रजी. एवढ्या भाषांतून वाट काढणाऱ्या मुलाला 'हे तुझ्यासाठी नाही' असे सांगण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? आपल्या नववीतल्या मुलास संहितेची ती ओळ लिहिता आली नसती. परंतु ती जेथे लपली होती तेथवर पोहोचण्याची वाट त्याच्याच निरीक्षणाने दाखविली. 'लगेच' आणि 'जरा थांबून' या दोन शब्दांत अर्ध्या सेकंदाचे सारे रहस्य साठविलेले होते. ज्यास नीट पाहता येते आणि पाहिलेले नेमक्या शब्दांत सांगता येते, त्यास या विद्येचे दार मोकळे आहे. आणि नेमक्या शब्दांत सांगावयास शिकविणे, हे तर भाषाशिक्षकाचेच काम!

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. संगणक-कक्षात एक दोषवही ठेवावी. तीत काय करीत असता, काय दिसले, पुन्हा करून पाहता काय झाले, एवढेच लिहावयाचे. तर्क आणि आरोप लिहावयाचे नाहीत. ज्याने दोष कळविला त्यास त्या दोषाबद्दल शिक्षा होणार नाही, असे शाळेने स्पष्ट सांगावे. आणि मराठीच्या तासाला, सहलीच्या वर्णनाबरोबर, एखाद्या बिघडलेल्या वस्तूचे यथातथ्य वर्णन करण्याचा अभ्यासही मुलांकडून करून घ्यावा. यांपैकी शेवटची सूचना मी स्वतः अमलात आणली आहे. मुलांनी आजवर सायकलची साखळी, शाळेची घंटा आणि माझी स्वतःची छत्री यांवर लिहिले आहे. छत्रीविषयीचा निबंध इतका अचूक होता की, ती मला दुरुस्तीस टाकावी लागली.

शेवटी कबुली. त्या मुलाला मी वर्गासमोर बोल लावला होता; म्हणून क्षमाही वर्गासमोरच मागितली. तो लाजून खाली पाहत राहिला, मग म्हणाला, "असू दे की, सर." त्याचे नाव मी येथे देत नाही. माजी विद्यार्थ्याने आपल्या संहितेत जी दुरुस्ती नोंदविली, तिच्या टिपणात शेवटच्या दोन ओळींवर ते आहे: एकदा दोष कळविणारा म्हणून, आणि एकदा तपासणारा म्हणून. त्या टिपणात माझे नाव कोठेही नाही, आणि ते योग्यच आहे.